मार्गे आसनगाव

मुंबईला पाणी देणारे तलाव सात. त्यांच्या एकूण १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर साठ्यापैकी ७ लाख १७ हजार दशलक्ष लिटर, म्हणजे जवळजवळ निम्मा साठा, एकट्या भातसाचा. हे पाणी शहापूर तालुक्यातून निघून मुंबईच्या नळाला लागतं आणि त्याच शहापूर तालुक्यात उन्हाळा आला की पाड्यापाड्यावर टँकरची वाट बघत बसतात. बरं, तालुक्याची तहान भागवायला मोठी योजना आखली, तीही नाशिक जिल्ह्यात इगतपुरीजवळच्या भावली धरणावरून पाणी आणायची. घरचं पाणी मुंबईला, इगतपुरीचं पाणी घरी. ही हकिकत युरोपातल्या मॅनेजमेंटच्या वर्गात सांगितली तर प्राध्यापक विचारतील, एवढी सुंदर केस तुला मिळाली कुठे?

तरीही धरणाच्या वसाहतीतल्या, भातसानगरच्या पोराला ‘इंटरनॅशनल मॅनेजमेंट’ शिकायला परदेशीच जावं लागतं. पुरवठा साखळीचा अनुभव इथे जन्मापासून मिळतो, पण त्याचं सर्टिफिकेट मिळत नाही.

भातसानगरचा असा एखादा पोरगा डोळ्यांसमोर आणावा. तो घरी विषय काढतो तेव्हा पहिला पेच विषयाच्या नावाशीच पडतो. मॅनेजर म्हणजे काय हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं. मुरबाडच्या एमआयडीसीत मॅनेजर असतात, ते सकाळी कल्याणहून येतात आणि संध्याकाळी परत जातात. पण मॅनेजर म्हटला की त्याची फॅक्टरी दाखवता आली पाहिजे. “कशाचा मॅनेजर होणार?” काका विचारतात. “इंटरनॅशनल, काका.” “ते कळलं रे. पण फॅक्टरी कशाची?” यावर पोरगा ‘क्रॉस-कल्चरल टीम्स’ असं काहीतरी पुटपुटतो. काका मान डोलावतात आणि आतल्या खोलीत जाऊन सांगतात, त्याचं अजून ठरलेलं नाही.

मग पैशांचा विषय निघतो. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणी शुल्क नाही, हे ऐकून घरात आनंद पसरतो आणि ‘ब्लॉक्ड अकाउंट’ हा शब्द येईपर्यंत टिकतो. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी एका खात्यात भरायचे. ते खातं आपल्याच नावावर, पण महिन्याला ९९२ युरोंच्या वर हात लावायचा नाही. आपल्याच पैशांवर आपल्यालाच पहारेकरी बसवायची ही कल्पना आत्याला मात्र फार पसंत पडते. असं खातं इकडे निघत असेल तर आपल्या नवऱ्यासाठी चौकशी करावी, असं ती म्हणते.

सरकारी मदतीच्या वाटाही आहेत. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे, राज्यात वर्षाला पंच्याहत्तर जणांसाठी. आदिवासी विद्यार्थ्यांसाठीही परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती आहे आणि तिच्या यादीत एमबीएसुद्धा आहे. शहापूरला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालयच आहे, त्यामुळे कागद घेऊन जायची जागा तरी जवळ. कागद किती, हे विचारू नये. जो उमेदवार उत्पन्नाचा दाखला, जातपडताळणी, परदेशी विद्यापीठाचं पत्र आणि पासपोर्टवरची जन्मतारीख या चार गोष्टी एकाच महिन्यात एकमेकांशी जुळवून दाखवतो, त्याला मॅनेजमेंटचं आणखी काय शिकवायचं, असा प्रश्न परदेशी विद्यापीठालाही पडायला हवा.

तिकडे पोहोचल्यावर पहिला धडा वर्गात मिळतो आणि तो डच माणसाचा असतो. गीर्ट हॉफस्टेडे या संशोधकाने साठ-सत्तरच्या दशकांत आयबीएमच्या देशोदेशींच्या कर्मचाऱ्यांकडून लाखावर प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि वरिष्ठ-कनिष्ठांतलं अंतर आकड्यांत मांडलं. त्यात भारताला ७७, नेदरलँड्सला ३८, डेन्मार्कला १८ आणि ऑस्ट्रियाला ११ मिळाले. वर्ग चकित होतो. सरकारी वसाहतीत वाढलेल्या माणसाला मात्र यात नवल वाटत नाही. कुठल्याही धरणाच्या कॉलनीत जा. साहेबांचा बंगला वेगळा, मग इंजिनिअरांची घरं, मग कारकुनांच्या चाळी, आणि टोकाला चौकीदार. कोण कोणाकडे चहाला बसतं आणि कोण फाटकाबाहेरूनच “साहेब आहेत का?” विचारतं, एवढं पाहिलं की ७७ चा आकडा काढायला आयबीएमची गरज नव्हती.

आकडा माहीत असणं वेगळं आणि साठीतल्या बॉसला नुसत्या नावाने हाक मारणं वेगळं. इंटर्नशिपच्या पहिल्याच दिवशी तो पिकल्या केसांचा माणूस हात पुढे करून आपलं पहिलं नाव सांगतो आणि याच नावाने बोलाव म्हणतो. शहापूरकडच्या पोराची जीभ टाळ्याला चिकटते. शाळेतल्या गुरुजींचं नाव घरी घेतानाही ज्याने मागे ‘सर’ लावलं, त्याने हे कसं करायचं? मराठी माणूस यावर एक तोडगा काढतो. तो हाकच मारत नाही. तो उठतो, बॉसच्या टेबलाजवळ जाऊन उभा राहतो आणि खोकतो. पहिला महिना अख्खा खोकल्यावर निघतो. शेवटी बॉस काळजीने डॉक्टरचा पत्ता देतो, तेव्हा कुठे पोरगा डोळे मिटून नाव उच्चारतो, आणि छत खाली येत नाही.

खरी शाळा संध्याकाळी भरते. ब्रिटनमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला वीस तास काम करता येतं, जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस. हे काम मॅनेजमेंटचं नसतं. हे काम हॉटेलच्या मागच्या खोलीतल्या सिंकपाशी असतं. ज्याने घरी जेवलेलं ताटसुद्धा मोरीपर्यंत नेलं नाही, तो शनिवारी रात्री दोनशे ताटं धुतो. व्हिडिओ कॉलवर हे पाहून आई आधी रडते, मग थोडी गप्प होते, आणि मग फोन वडिलांच्या तोंडासमोर धरते. “बघा,” एवढंच म्हणते. त्या एका शब्दात तीस वर्षांचा हिशेब असतो.

त्या सिंकपाशी शेजारी सीरियाचा कोणी असतो, पलीकडे व्हिएतनामची कोणी, आणि मुकादम पोलंडचा. चौघांची मिळून जर्मन भाषा एका माणसाइतकीही होत नाही. तरी रात्री अकराला ओटा लखलखीत असतो. वर्गात याच गोष्टीवर सहा आठवड्यांचा कोर्स असतो आणि त्यात गटात भांडणं होऊन अहवाल उशिरा जातो.

जर्मनीतला कचरा हाही एक विषय आहे, पण त्याला क्रेडिट मिळत नाहीत. कागदाचा डबा निळा, वेष्टनांचा पिवळा. चुकीच्या डब्यात टाकलं तर तिसऱ्या मजल्यावरची म्हातारी खिडकीतून बघते. रविवारी भिंतीत ड्रिल चालवायचं नाही. प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटलीवर २५ सेंट परत मिळतात. २००३ पासूनची ही पद्धत. २५ सेंट म्हणजे वीस रुपयांहून जास्त, हे मनात झाल्याबरोबर पोराची चाल बदलते. तो बागेतून जाताना झाडं बघत नाही, बाकाखाली बघतो. घरी मात्र फोनवर तो याला ‘सस्टेनेबिलिटी’ म्हणतो.

शिकायला परदेशी जाण्याची परंपरा इकडे जुनी आहे. मुरबाड-शहापूरचं पाऊल ज्या कल्याणात पडतं, तिथल्याच जोशी घराण्यातली आनंदीबाई. १८८३ साली कलकत्त्याहून नवऱ्याविना जहाजावर चढली, न्यू जर्सीतल्या रोझेलला कार्पेंटर कुटुंबाकडे उतरली आणि १८८६ साली फिलाडेल्फियातून डॉक्टर झाली. परक्या घरात राहायचं, शाकाहार सांभाळायचा, तिकडच्या थंडीत लुगडं नेसायचं आणि वर शरीरशास्त्र पाठ करायचं. यजमान गोपाळराव मागाहून अमेरिकेत पोहोचले. बायको शिकत होती. गोपाळराव अमेरिकनांना त्यांच्या समाजाचं काय चुकतं ते व्याख्यानांतून ऐकवू लागले. एकाच घरातून एक जण शिकायला आणि एक जण शिकवायला गेल्याचं एवढं स्वच्छ उदाहरण दुसरं नसेल. मराठी माणसाच्या परदेशगमनात हे दोन पंथ तेव्हापासून आहेत, आणि विमानात दोघांच्या सीट शेजारी शेजारी असतात.

मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा गोपाळ बडोद्याचा सयाजीराव झाला, त्याने तिसरीच रीत काढली. राजा परदेशी जायचा, डोळे उघडे ठेवून फिरायचा आणि जे आवडलं ते करणारा माणूसच उचलून आणायचा. अमेरिकेतली सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली आणि १९१० साली विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणून बसवलं. संस्थानभर वाचनालयं निघाली, पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव फिरू लागल्या. नाहीतर आपले परदेश दौरे. तिकडून काय आणलं, तर चॉकलेटं, आणि विमानातली छोटी साबणं.

याच सयाजीरावांच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. अर्थशास्त्र शिकून १९१७ साली बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून फेकत आणि राहायला शहरात घर मिळेना. न्यूयॉर्कने जे तीन वर्षांत दिलं ते पचवायची बडोद्याच्या कचेरीची तयारी नव्हती. या गोष्टीत विनोद शोधू नये. पण परत आलेल्या माणसाच्या अडचणींचा विषय निघाला की सुरुवात इथून करावी लागते.

उद्योगातलं उदाहरण किर्लोस्करांचं. लक्ष्मणराव परदेशी न जाता अमेरिकन मासिकं वाचून कारखानदार झाले. मुलगा शंतनुराव मात्र एमआयटीतून १९२६ साली मेकॅनिकल इंजिनिअर होऊन आला, आणि आला तो किर्लोस्करवाडीलाच, जिथे वडिलांनी निवडुंगाच्या माळावर कारखाना मांडला होता. बॉस्टनहून येऊन माळावर उतरायचं. आजचा पोरगा बंगळुरूपर्यंत तरी येतो, तेवढ्यावर घरच्यांनी समाधान मानावं.

आता शिकवायला आलेल्यांकडे. १९९४ साली केलॉग्ज भारतात आली, कारखाना तळोज्याला. सकाळी थंड दुधात कुरकुरीत मक्याचे पापुद्रे खायचे, हे तिने देशाला शिकवायचं ठरवलं. देशाने ते गरम दुधात टाकले. कुरकुरीतपणा गेला, राहिली लापशी. आणि लापशी घरी बायका त्याहून स्वस्तात करत होत्या. तळोज्यापासून कुठल्याही दिशेला दहा मिनिटं चालून एखाद्या घरात सकाळी चहा घेतला असता तरी दूध उकळतंय हे दिसलं असतं. पण बाजारपेठेचा अभ्यास चहा पिऊन करत नाहीत, असं दिसतं.

एन्रॉनची तऱ्हा आणखी भारी. दाभोळच्या वीज प्रकल्पाचा पहिला सामंजस्य करार जून १९९२ मध्ये झाला. कंपनीतर्फे प्रकल्पाची बाजू मांडणाऱ्या रिबेका मार्क हार्वर्डच्या एमबीए. पुढे कंपनीच्या एका अधिकारी बाईंनी अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे सांगितलं की, लोकशिक्षण आणि प्रकल्पाची पूर्वतयारी यांवर दोन कोटी डॉलर खर्च झाले. दोन कोटी डॉलरचं लोकशिक्षण! गुहागर तालुक्यात त्याआधी जिल्हा परिषदेच्या शाळा होत्याच. पण त्यांना छप्पर शाकारायला पैसे मिळायचे नाहीत. १९९५ साली युती सरकारने करार रद्द केला, मग पुन्हा बोलणी झाली, २००१ साली वीजनिर्मिती थांबली आणि त्याच डिसेंबरात अमेरिकेतली मूळ कंपनीच दिवाळखोरीत गेली. शिकवणी महाग पडली, ती नेमकी कोणाला, याचा हिशेब वीजबिलात शोधणारे अजून आहेत.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. जगातली सगळ्यांत मोठी दुकानदार कंपनी वॉलमार्ट जर्मनीत गेली आणि गिऱ्हाइकाकडे पाहून हसण्याची पद्धत घेऊन गेली. जर्मन गिऱ्हाइकाला कळेना, ही बाई ओळख नसताना हसते का? नोकरांनी सकाळी एकत्र कंपनीचा जयघोष करायचा, तोही त्यांना रुचेना. नोकरांनी एकमेकांत प्रेमबिम करू नये असा नियम काढला, तो न्यायालयाने फेटाळला. २००६ साली कंपनी दुकानं विकून परत गेली. शाखा लावून घोषणा देणं जर्मनांना नको आणि आपल्याकडे ते फुकटात होतं, हे तिला कोणीतरी सांगायला हवं होतं.

परदेशी व्यापाऱ्याचे हाल मुरबाडला नवीन नाहीत. वैशाखरे गावावरून नाणेघाट चढतो. सातवाहनांच्या काळी कल्याण-सोपाऱ्याला उतरलेला माल याच घाटाने जुन्नर-पैठणकडे जाई. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा, असं सगळे सांगतात. जुन्नरच्या लेण्यांत यवनांची दानं कोरलेली आहेत, म्हणजे काही परदेशी लोक इथे रुळले, कमावले आणि मठाला देणगी देऊन प्रतिष्ठितही झाले. पण पहिल्या शतकातला एक ग्रीक खलाशी आपल्या बंदरांच्या टिपणात लिहितो की, कल्याणला पूर्वी व्यापार रीतसर चाले, आता मात्र तिथे ग्रीक जहाज चुकून लागलं तर पहाऱ्यात भडोचला पाठवतात. राजवट बदलली की परवाने बदलतात, हा धडा व्यवस्थापनाच्या पुस्तकांत सोळाव्या प्रकरणात येतो. कल्याणच्या धक्क्यावर तो पहिल्याच दिवशी मिळायचा.

परत आलेल्या पोराची खरी परीक्षा त्याला नोकरी लागल्यावर सुरू होते. कारखान्यात पहिल्या सोमवारी तो जाहीर करतो की, यापुढे सगळ्यांनी त्याला नावाने हाक मारायची आणि केबिनचं दार उघडं राहणार. नावाने हाक मारायला कोणी तयार होत नाही. एक जुना फिटर तडजोड म्हणून नावापुढे ‘साहेब’ लावतो. उघड्या दारातून सूचना येण्याऐवजी लग्नपत्रिका, वर्गणीची पावतीपुस्तकं आणि रजेचे अर्ज येतात. मुरबाडजवळच्या म्हसाच्या जत्रेच्या आठवड्यात तर रजेसाठी अर्धा कारखाना दारात उभा असतो. पौष पौर्णिमा कुठल्याही परदेशी कॅलेंडरात नसते, पण उत्पादनाच्या तक्त्यात ती ठळक दिसते.

हे जमतच नाही असं मात्र नाही. ऐंशीच्या दशकात सुझुकीबरोबर मारुती उभी राहिली, तेव्हा इथली माणसं जपानच्या कारखान्यांत शिकायला गेली आणि परत आल्यावर मॅनेजिंग डायरेक्टरपासून कामगारापर्यंत सगळ्यांना एकच गणवेश, एकच कॅन्टीन अशी रीत पडली. साहेबाने ताट घेऊन रांगेत उभं राहायचं. भाषणांपेक्षा ही आमटीची रांग जास्त लांब पोहोचली. आपल्या पोराने केबिनचं दार उघडण्याआधी कॅन्टीनमध्ये जाऊन स्वतःचं ताट विसळलं असतं, तर फिटर कदाचित नुसत्या नावावर आला असता. ताट विसळायचा त्याचा अनुभव तर पदवीपेक्षाही पक्का आहे. पण तो बायोडेटात घातलेला नाही.

शेतकऱ्यांचेही परदेश दौरे निघतात. कृषी खात्याची योजना आहे; खर्चाच्या निम्मे, पण जास्तीत जास्त एक लाख रुपये सरकार देतं. इस्रायल, नेदरलँड्स असे देश. परत आलेल्यांच्या फोटोंत ट्यूलिप असतात. पण त्यातला एखादाच असा असतो की जो ट्यूलिपकडे पाठ करून त्यांच्या पॅकिंगच्या खोलीत वाकून बघत बसतो, खोक्याला भोकं किती आणि कुठे ते मोजतो. गाइड त्याला शोधत असतो आणि बाकीचे बसमध्ये ताटकळत त्याला शिव्या देत असतात.

तो माणूस बहुधा भेंडीवाला असतो. शहापूर-मुरबाडकडची भेंडी आखातात जाते, युरोपातही जाते. कोवळी, सरळ, हिरवीगार, बोटभर लांबीची लागते. वाकडी झाली की तिचा पासपोर्ट रद्द, मग ती कल्याणच्या बाजारात. युरोपच्या सीमेवर भारतातून आलेल्या भेंडीच्या ठरावीक टक्के खेपा कीटकनाशकाच्या अंशासाठी तपासतात. त्यामुळे कोणती फवारणी कधी थांबवायची, याचं वेळापत्रक या शेतकऱ्याला तोंडपाठ असतं. ब्रुसेल्सचा नियम बदलला की त्याला शेजारच्या आधी कळतं.

अशा एका काकांसमोर सुट्टीला आलेलं पोरगं बसलेलं असतं.

“तिकडं भेंडी कितीला?” काका विचारतात.

“इंडियन दुकानात पाव किलोचं पाकीट. महाग असतं. मी कधी घेतलंच नाही, काका. बघून ठेवायचो.”

“खोक्यात कशी यायची? देठ वर की आडवी?”

हे मात्र त्याने बघितलेलं नसतं.

“बरं, मग तिकडं काम काय केलंस?”

“सुरुवातीला हॉटेलात भांडी घासली.”

काका पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघतात. “म्हणजे हाताला सवय आहे,” ते म्हणतात. “उद्या पहाटे पाचला ये, तोडा आहे. लांब बाह्यांचा शर्ट घाल, नाहीतर खाज सुटेल.”